काळी चारची गिटार : एका उखडलेल्या ब्रिजचं प्रकरण

मे २०२२. यावल तालुक्यात एका हळदीला आमचा कार्यक्रम होता. सामान दुपारी बारालाच पोचलं. मांडव तयार नव्हता, म्हणून स्पीकर उतरवले आणि वाद्यं जीपमध्येच ठेवून काचा लावून घेतल्या. धूळ आत जाऊ नये म्हणून. साडेचारला मामांनी गिटारची पेटी उघडली. ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, फळीवरून सुटून तारांना लोंबकळत होता. खाली फिकट लाकडाचा एक चौकोन उघडा पडला होता.

मामा काही बोलले नाहीत. पेटी बंद केली, कोपऱ्यात उभी केली आणि त्या रात्री खंजिरी वाजवली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गिटारशिवाय कार्यक्रम केला.

हे प्रकरण मी लिहितोय ते ब्रिज कसा चिकटवला हे सांगायला नाही. ते काम तीन दिवसांचं होतं. गिटार दुरुस्त होऊनही मामांना दोन महिने वाजवता आली नाही, त्याला कारण मी होतो, आणि लिहिण्यासारखं आहे ते एवढंच.

गिटार आणि माणूस

मामा मूळचे अमळनेरकडचे, घरात अहिराणी, नोकरी भुसावळला रेल्वेत. आमच्या मेळात सगळे त्यांना मामाच म्हणतात, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. १९८१ मध्ये रेल्वे क्वार्टरमधले एक अँग्लो-इंडियन गार्ड निवृत्त होऊन निघाले. जाताना त्यांनी ही गिटार मामांना तीनशे रुपयांना दिली आणि चार कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं ठेवायचे आकार, कागदावर काढून दिले. मामांचं गिटारचं शिक्षण ते एवढंच.

गिटार कोलकात्याची. आतला कागद कधीच गळून गेलाय, त्यामुळे कारखान्याचं नाव सांगता येत नाही. पूर्ण प्लायची आहे. वरची फळीसुद्धा प्लायची, हे मधल्या भोकाच्या कडेला बोट फिरवलं की कळतं. एकसंध लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून आरपार उतरतात. इथे थर दिसतात. जाणकार मंडळी प्लायला नाक मुरडतात आणि आवाजाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण खानदेशात चैत्र लागला की हवेतला ओलावा पार आटतो, लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं आणि एकसंध फळी उभी तडकते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात. चाळीस उन्हाळे काढूनही या गिटारला एक तडा नाही. जळगावच्या एका हौशी मित्राची महागडी, एकसंध स्प्रूसची गिटार दुसऱ्याच उन्हाळ्यात ब्रिजखाली चिरली होती.

मान मात्र वाकली होती, आणि तीही पहिल्याच वर्षी. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ओढा साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो असतो. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस रात्रंदिवस त्या ब्रिजला लटकलेला. चांगल्या गिटारच्या मानेत पिळून ताण देता येईल अशी सळई असते. हिच्यात ती नाही. तेव्हा मेळातल्या पेटीवाल्या (हार्मोनियमवाल्या) मास्तरांनी साधा उपाय सांगितला : सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरव. अर्धा सूर उतरवला की ओढा सुमारे अकरा टक्क्यांनी कमी होतो. मान आणखी वाकायची थांबली.

त्यातून एक न ठरवलेला फायदा झाला, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे गायक पट्टी सांगतो ती पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्यांत. पुरुष बहुतेक काळी एक, काळी दोन. बायका काळी चार, काळी पाच. गिटारवाल्याला हे सूर नकोसे असतात, कारण त्याचे सोपे, मोकळ्या तारांचे आकार ई, ए, डी, जी या पांढऱ्या सुरांचे. पण गिटारच अर्धा सूर खाली असेल तर डीचा आकार धरल्यावर काळी एक वाजते, ईच्या आकारात काळी दोन, जीच्या आकारात काळी तीन आणि एच्या आकारात काळी चार. गार्डसाहेबांनी कागदावर काढून दिलेले चार आकार आणि खानदेशातल्या गायकांच्या चार पट्ट्या अशा नेमक्या जुळल्या. काळी पाचला मामा दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावतात आणि तोंड वाकडं करतात.

कानबाईची रात्र, आखाजीची गाणी, गणपती, सेवानिवृत्तीचे सत्कार, हळदी. ढोलकी, पेटी आणि ही गिटार. डीजे आल्यापासून लग्नं कमी झाली, कानबाई राहिली. मामा केरव्याला असा काही हात मारतात की ढोलकीवाल्याला अर्धं काम उरतं. उजव्या मनगटाचा फटका जबर आहे, कारण ऐंशीच्या दशकात गिटारला वेगळा माइक मिळत नसे. गाणाऱ्याच्या माइकात जेवढं जाईल तेवढं.

तपासणी

मेळाची साउंड सिस्टिम मी सांभाळतो आणि वाद्यांची किरकोळ दुरुस्तीही करतो, म्हणून गिटार माझ्याकडे आली. ब्रिज उलटा केल्यावर इतिहास दिसला. तो आधीही एकदा निघालेला होता. कोणीतरी सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकाने, खालचं पॉलिश न खरवडताच चिकटवला होता आणि भरवशासाठी दोन बोल्ट आरपार मारले होते. पॉलिशवर डिंक धरत नाही. धरतो तो लाकडावर. ब्रिजचा जेमतेम निम्मा तळ लाकडाला लागलेला होता. पांढरा डिंक साठ-पासष्ट अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. बाहेर पंचेचाळीस अंश असताना बंद जीपमध्ये तेवढं तापमान सहज होतं. तारा ताणलेल्या होत्याच. बोल्टांनी शेवटपर्यंत धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि प्लायचा वरचा थर घेऊन सुटले.

बाकीची मापंही घेतली. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची ४.२ मिलिमीटर. सर्वसाधारण गिटारवर ती अडीचच्या आसपास असते. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पातळ पट्टी, हाडाचं नव्हतं, प्लास्टिकचं होतं, खाली पत्र्याचा तुकडा घालून उंच केलेलं. पहिल्या तीन फ्रेटांवर पातळ तारांखाली खोल चऱ्या. फ्रेटच्या तारेला जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. स्टीलच्या तारेखाली ती झिजणारच.

पर्याय तीन होते. पहिला, मामांच्या मुलाने चार वर्षांपूर्वी आणून दिलेली नवी गिटार, आत पिकअप (तारांचा आवाज उचलून मिक्सरला देणारा भाग) बसवलेली. ती कपाटावर होती आणि तिच्या पेटीवर लोणच्याची बरणी होती. म्हणजे हा पर्याय नव्हताच. दुसरा, मुंबई-पुण्याला पाठवून मान उतरवून नव्या कोनात बसवणं. ते खरं दुरुस्तीचं काम, पण खर्च गिटारच्या किमतीच्या कितीतरी पट, आणि जुन्या प्लायच्या गिटारची मान उतरवताना खांदा फुटण्याची भीती वेगळी. तिसरा, इथेच ब्रिज नीट बसवायचा, फ्रेट बदलायचे आणि सॅडल घासून उंची कमी करायची.

तिसरा घेतला. तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

ब्रिजसाठी जळगावच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे गेलो. ते भात्याच्या आणि चामड्याच्या कामाला अजून सरस वापरतात. सरस ओलाव्याला कच्चा, पण कोरड्या उष्णतेत तो पांढऱ्या डिंकासारखा हळूहळू घसरत नाही. आणि पुढे कधी काढायचा झालाच तर गरम पाण्याने सुटतो. आम्ही फळीचं पॉलिश ब्रिजच्या आकारापुरतं लाकडापर्यंत खरवडलं, निघालेला थर परत बसवला, आत बोल्टांच्या भोकांखाली लाकडाचा पातळ तुकडा चिकटवला. सरस पाण्याच्या भांड्यात ठेवून साठ अंशांपर्यंत तापवतात आणि लावल्यावर मिनिटभरात शिकंजा आवळावा लागतो, नाहीतर तो गोठतो. कारागीर म्हणाले, "थंडीत हे काम असतं तर मी लाकूड आधी शेकलं असतं. जूनच्या तोंडाला जळगावात सरसाला कसली घाई?" दोन दिवस शिकंजा ठेवला. पहिले पाच फ्रेट नवे घातले. सॅडल तीन मिलिमीटरने उतरवलं. सॅडल जितकं उतरतं त्याच्या निम्मी उंची बाराव्या फ्रेटवर कमी होते, म्हणून ४.२ ची २.७ झाली.

मी खूश होतो. इतका खूश, की नव्या बाराच्या (हा जाडीचा नंबर) तारा चढवल्या आणि पूर्ण सुरात लावल्या. म्हटलं, ब्रिज आता भक्कम आहे, आणखी किती वर्षं बिचारी अर्धा सूर खाली वाजणार?

माझी चूक

पहिल्या तालमीला मामांनी केरवा धरला आणि तारा फ्रेटांवर खडखडल्या. तो हात ४.२ च्या उंचीवर घडलेला. तेवढ्या जोराने मारलेली तार जेवढी थरथरते तेवढी जागा आता फ्रेटांच्या वर उरलीच नव्हती.

मग सूर. गिटार सूर लावायच्या मशीनवर लावलेली, तरी मामांच्या हातात दुसरी तार बेसूर. हे मला दोन दिवस कळलं नाही. तार फ्रेटपासून उंच असली की दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मामा वर्षानुवर्षं त्यावर उपाय करत आलेत : दुसरी तार केसभर उतरवून लावायची, म्हणजे दाबल्यावर बरोबर येते. मी मशीनवर लावलेली तार ते सवयीने केसभर उतरवायचे. आता उंची कमी असल्यामुळे दाबून सूर चढेना, म्हणून ती उतरलेलीच राहायची. त्यांच्या कानात दोष नव्हता. त्यांचा कान जुन्या गिटारची चूक भरून काढत होता, आणि ती चूक मी काढून टाकली होती.

आणि पट्टी. आमच्या गायिकेची काळी चार. मी म्हटलं, "मामा, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जीचा आकार धरा, तीच पट्टी." कागदावर ते अगदी खरं आहे. पण काळी चारमध्ये मामांचा हात एच्या आकारात चालतो. मधल्या तारांवर बोटं सरकवून ते जे छोटे तुकडे भरतात, अंतऱ्याआधी जो एक झोका देतात, तो सगळा एच्या आकारात राहतो. जीच्या आकारात ती बोटं तिथे पोचतच नाहीत.

अर्धा तास ते प्रयत्न करत राहिले. मग गिटार पेटीत ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, गिटार चांगली व्हयनी. पन मना हात इले वयखत नही." म्हणजे, माझा हात हिला ओळखत नाही.

मला रागच आला. तीन दिवस खपून काम केलं होतं. पुढे सहा-सात आठवडे गिटार पेटीत आणि मामा खंजिरीवर.

त्या दिवसांत मला विली नेल्सन यांच्या 'ट्रिगर'ची आठवण झाली. या अमेरिकी गायकाची ही मार्टिन कंपनीची एन-२० गिटार १९६९ पासून त्यांच्याकडे आहे. ती नायलॉनच्या तारांची, नुसत्या बोटांनी वाजवायची, म्हणून ओरखडे झेलणारी पट्टी वरच्या फळीवर नसते. नेल्सन पिकने वाजवत राहिले आणि फळीला आरपार भोक पडलं. ऑस्टिनचे मार्क अर्लवाइन अनेक वर्षं तिची निगा राखत आले आहेत. भोक त्यांनी बुजवलेलं नाही. ते असूनही गिटार उभी कशी राहील एवढं बघितलं. आधी मला ती प्रसिद्ध माणसाची नाटकं वाटायची. आता वाटलं, त्या कारागिराने आधी वाजवणाऱ्याला मोजलं असणार. मी फक्त लाकूड मोजलं होतं. मामा दुसरी तार कशी लावतात, फटका किती जोराचा, कुठल्या पट्टीत कुठला आकार, यातलं काहीच मी दुरुस्तीआधी विचारलं नव्हतं. आणि मी तर तीस वर्षं त्यांच्या शेजारी मिक्सरवर बसलेलो.

श्रावण जवळ आला, तेव्हा मीच गिटार मागून आणली. नवं सॅडल केलं, हाडाचं, दीड मिलिमीटर उंच. बाराव्या फ्रेटवर उंची साडेतीनच्या थोडी खाली आली. त्यात पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन फुगतं, म्हणून प्रत्यक्षात ती साडेतीन भरली. बाराच्या जागी अकराच्या तारा, आणि परत अर्धा सूर खाली. एकूण ओढा साठ किलोंच्या आसपास. दुसरी तार मी लावलीच नाही. मामांना म्हटलं, "ती तुम्ही लावा."

त्यांनी लावली. एचा आकार धरला. पाचेक मिनिटं वाजवत राहिले आणि मधेच विचारलं, "चहा शे का?" गिटार पसंत पडल्याची ही त्यांची खूण.

काळी चारचा हुंकार

कानबाईच्या रात्री अमळनेरजवळच्या एका गावात पहिला कार्यक्रम. गिटारच्या भोकात मी नवा पिकअप बसवला होता. गायिकेने काळी चार घेतली आणि मामांनी पाचवी तार मोकळी सोडली, तसा मॉनिटरमधून (वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून) खोल 'हूऽऽ' उठला आणि वाढतच गेला. बायका दचकल्या. मामांनी खिशातला रुमाल काढला, भोकात कोंबला, हुंकार बंद.

हा रुमाल मी तीस वर्षं बघतोय आणि तीस वर्षं हसतोय. त्या रात्री मात्र हिशोब केला. गिटारच्या पोकळीतली हवा, तोंडाने फुंकलेल्या बाटलीसारखी, एका ठराविक सुरावर घुमते. मोठ्या गिटारमध्ये तो साधारण सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास असतो. पूर्ण सुरातली मोकळी पाचवी तार ११० वर वाजते. अर्धा सूर उतरवली की १०३.८. म्हणजे जी सवय मानेला वाचवते आणि चार पट्ट्या सोप्या करते, तीच मोकळी पाचवी तार पोकळीच्या घुमण्याच्या अगदी जवळ नेऊन ठेवते. समोर मॉनिटर असेल तर तो आवाज परत पोकळीत शिरतो आणि वर्तुळ पूर्ण होतं. काळी एकला हुंकार येत नाही, काळी चारला येतो, हे मामांना केव्हापासून ठाऊक होतं. त्यांनी त्यावर रुमाल शोधला होता. मी मात्र दर कार्यक्रमाला सगळाच खर्ज कापायचो आणि गिटार पत्र्यासारखी का वाजते म्हणून पिकअपला शिव्या द्यायचो.

पिकअपचाही थोडा दोष होता, ते सांगून टाकतो. आधीचा पिएझो, म्हणजे कंपनांच्या दाबावर चालणारा पिकअप, होता. तो सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये लावला की त्याचा खर्ज मिक्सरच गिळतो, कारण पिएझोला समोर मेगाओहममध्ये मोजावा असा अडथळा लागतो आणि साध्या मिक्सरची लाइन काही हजार ओहमांची असते. मध्ये छोटा प्रीअँप (पिकअप मिक्सरला जुळवून देणारा डबा) घातला असता तर निम्मी तक्रार मिटली असती. वीस वर्षं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

आता रुमालाऐवजी रबराची चकती आहे. जुन्या हवाई चपलेचा तळ भोकाच्या मापाने कापला, कडेला खाच दिली, ती भोकात घट्ट बसते. मिक्सरवर फक्त १०४ च्या आसपासची एक अरुंद पट्टी खाली घेतो, बाकी खर्ज राहू देतो. मॉनिटर मामांच्या समोर न ठेवता डाव्या बाजूला तिरका. हिवाळ्यात उघड्यावर अकरानंतर गारठा पडला की तारा आकसून चढतात, तेव्हा मध्यंतरात परत लावाव्या लागतात. पण ते मामा मला विचारून करत नाहीत.

सध्याची स्थिती अशी. गिटार जीपमध्ये राहत नाही. मामांच्या मांडीवर प्रवास करते किंवा मांडवातल्या बायकांच्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर ठेवली जाते, तिथे सगळ्यात गार असतं. मान वर्षाला किंचित वाकतेच आहे, आणि सॅडल घासायला आता फारशी जागा नाही. तीन-चार वर्षांत मान उतरवायचा प्रश्न परत येईल. कपाटावरची नवी गिटार मामांच्या नातीने खाली काढली. तिनेही ती अर्धा सूर खाली लावली आहे, कोणी न सांगता. आजोबांबरोबर वाजवायचं तर दुसरा इलाज नाही.

दर महिन्याला मी ब्रिजच्या मागच्या कडेला सिगारेटचा पातळ कागद सरकवून बघतो. अजून कुठेही आत जात नाही. जाड तारेच्या कोपऱ्यात मात्र हल्ली नख अडकतं. आखाजी झाली की ब्रिज परत एकदा नीट बघायचा आहे.